फाटकापाशी दिसणारा हिरवा ठिपका

आमच्या शहराचा एक नकाशा मोबाईलमध्ये उघडतो. त्यावर रस्ते फिकट दिसतात आणि झाडं, पक्षी, वटवाघळं जिथं जिथं कुणाला आढळली तिथं हिरवे ठिपके. सावेडीच्या बाजूने आमच्या कॉलनीत शिरलं की ओढ्याच्या अलीकडे, आमच्या फाटकापाशी, असाच एक ठिपका होता. त्यावर बोट ठेवलं की नाव यायचं, पिंगळा, म्हणजे ते लहानसं घुबड. खाली लिहिलेलं असायचं, 'नियमित आढळ'.

त्या ठिपक्यामागच्या आधीच्या नोंदी खऱ्या होत्या. नंतरच्या मी तयार केल्या. त्या खोट्या नोंदींमुळे ओढ्याकाठच्या चिंचांवरचे पिंगळे गेले, आणि ज्या बाईंनी हे सगळं काम उभं केलं त्यांचं म्हणणं भरल्या सभेत पडलं. नकाशातली नोंद आता दुरुस्त झाली आहे. सभेत मी तोंडाने जे बोललो ते कुठल्याही ॲपमधून दुरुस्त होत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. कानाला हेडफोन लावून लाईन तपासायची, खरखर कुठून येते ते शोधायचं. निवृत्तीनंतर मुलाने चांगला मोबाईल घेऊन दिला आणि तो पुण्याला परत गेला. त्याच सुमारास कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये आल्या. स्कूटरवरून आल्या होत्या, खांद्याला भलीमोठी पिशवी. शहरात अजून काय काय जगतं आहे ते लोकांनीच मोबाईलवर नोंदवायचं, असं त्यांचं म्हणणं. फोटो काढा, ॲप नाव सुचवतं, तुम्ही खात्री करा, नकाशावर ठिपका उमटतो. हॉलमध्ये आलेल्यांपैकी बरेचजण चहा पिऊन गेले. मी थांबलो.

पुढे मला त्याचा नादच लागला. सकाळी दूध आणायला गेलो की भुईकोट किल्ल्याच्या खंदकापर्यंत भटकून यायचो. घरी आलो की फोटो बघत बसायचो. बायको म्हणायची, "माझा एक फोटू धड काढला न्हाई कधी, अन् त्या सरड्याचे बघा, लग्नात काढल्यावानी काढल्यात."

"सरडा स्थिर बसतो," मी म्हणायचो.

"मग मी काय पळती व्हय?"

ती श्रीगोंद्याकडची. शहरात इतकी वर्षं राहूनही तिची बोली तशीच राहिली होती. तिच्या माहेरी मळ्यात वस्तीमागच्या बाभळीवर पिंगळ्याची जोडी होती. संध्याकाळी पिंगळा बोलला की तिची आई हातातलं काम ठेवून म्हणायची, "ऐकलं रे बाबा." मग देवापुढे दिवा लावायची. लोक पिंगळ्याच्या बोलण्यात शकुन शोधतात, तसलं त्यात काही नव्हतं. वस्तीवर घड्याळ नव्हतं, तो बोलला की दिवेलागण झाली, एवढंच. पण सवय अंगात मुरते. आमच्या दारातल्या कडुनिंबाच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी राहायला आली तशी बायकोने घड्याळाकडे बघणं सोडलं. ती ओट्यावर भाजी निवडत बसायची. आधी एक बोलायचा, मग दुसरी त्याच्यात आवाज मिसळायची, दोघांचा नुसता कलकलाट. ही म्हणायची, "ऐकलं रे बाबा," आणि आत जाऊन दिवा लावायची. तो बोलायच्या आधी दिवा लावलेला तिला चालायचा नाही.

त्याच वर्षी रस्त्याला नवीन पांढरे दिवे येणार असं ठरलं. मॅडम पुन्हा आल्या. आमचा कडुनिंब त्यांनी चारी बाजूंनी पाहिला. नवा खांब नेमका ढोलीच्या समोर येत होता.

"काका, पिंगळा उजेडाला तसा भीत नाही," त्या म्हणाल्या. "दिव्याखाली किडे टिपायला येतो तो. पण घराच्या तोंडावरच रात्रभर उजेड पडला तर तिथं तो राहतो का, हे आपल्या शहरात कुणी पाहिलेलं नाही. तुमच्या झाडावर एक डबी बसवू का?"

डबी म्हणजे आवाज टिपणारं छोटं यंत्र. संध्याकाळी ते आपोआप सुरू होतं, तुकडे तुकडे साठवतं. नंतर कॉम्प्युटर त्यातले पक्ष्यांचे आवाज ओळखतो, आणि जवळच्या माणसाच्या मोबाईलवर प्रश्न येतो, आज इथं हा पक्षी तुम्ही स्वतः पाहिला किंवा ऐकला का. होय किंवा नाही दाबायचं. मॅडमनी जाताना बजावून सांगितलं, "काका, नाहीसुद्धा नोंद असते हं. लोक नाही दाबायला लाजतात."

डबी मीच फांदीच्या बेचक्यात बांधली. बायको ओट्यावरून म्हणाली, "आता पिंगळ्याच्या घरात बी फोन बसवला का तुमी?"

दिवे लागायच्या आधीच तिची कंबर दुखायला लागली. आधी वाटलं वय झालं. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की दुखणं मणक्यात उतरलं आहे आणि ते मूळ दुखणंही नाही, कुठून तरी पसरत आलेलं आहे. पुण्याला नेलं, परत आणलं. तिचं चालणं गेलं. तिची कॉट मी बाहेरच्या खोलीत, कडुनिंबाच्या बाजूच्या खिडकीला लावली. तिथून झाड दिसत नव्हतं, उशी उंच केली तरी नाही. आवाज मात्र येत होता.

मग दिवे लागले. फार सुरेख उजेड होता, खोटं कशाला बोलू. पेपर वाचता येईल असा. मी ढोलीकडे पाहिलं तर तिच्या आतली कडसुद्धा दिसत होती. काही दिवस पिंगळे उशिरा बोलले. मग एकच बोलला. मग कुणीच नाही.

पहिल्या संध्याकाळी मी दिवा लावायला उठलो तशी ती म्हणाली, "थांबा. तो बोलला न्हाई अजून."

"उशीर झालाय त्याला."

"त्याला कसला उशीर. बोलंल. मग लावा."

अंधार पडला. बाहेरच्या पांढऱ्या दिव्याचा चौकोन खिडकीतून तिच्या पांघरुणावर आला. देवघरात काळोख. ती ऐकत राहिली. शेवटी औषधाने तिला झोप लागली, मग मी हळूच दिवा लावला. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मला सोडून गेलं वाटतं पाखरू. त्याला बी कळलं." एवढ्या दुखण्यात ती माझ्यासमोर रडली नव्हती, ती त्या संध्याकाळी रडली.

पिंगळ्याचा आवाज माझ्या मोबाईलमध्ये होता. नादाच्या सुरुवातीच्या दिवसांत, एका पहाटे गच्चीवरून मी तो टिपला होता. मादी तेव्हा ढोलीत अंड्यांवर बसलेली, नर एकटाच तारेवर बसून बोलत होता. अगदी स्वच्छ आवाज. लाईन तपासणाऱ्या माणसाचं काम होतं ते. भजनं ऐकायला घेतलेला छोटा स्पीकर घरात होता. चौथ्या संध्याकाळी मी तो पिशवीत घालून स्टुलावर चढलो आणि रिकाम्या ढोलीत ठेवला. आत येऊन स्वयंपाकघरात उभा राहिलो आणि मोबाईलवरून आवाज सुरू केला.

स्पीकर जोडला जाताना एक बारीक टिंग वाजायचं. ते वाजलं. मग पिंगळा बोलला.

"अहो," तिने हाक मारली, "आला बघा. ऐकलं रे बाबा, ऐकलं. कुठं गेल्ता एवढे दिवस?"

मी बाहेर आलो. तिचा चेहरा खिडकीकडे होता.

"लावा की दिवा," ती म्हणाली. "उभे काय राहिलात."

डबी त्याच झाडावर आहे हे त्या संध्याकाळी माझ्या खरंच ध्यानात आलं नाही. एवढं माझ्या बाजूने म्हणता येईल. पण पुढच्या वेळी आवाज लावून झाल्यावर स्पीकर काढायला स्टुलावर चढलो तेव्हा डबीची हिरवी बत्ती माझ्या डोळ्यासमोर लुकलुकत होती, आणि खाली उतरलो तोवर मोबाईलवर प्रश्न आला होता. आज इथं पिंगळा तुम्ही स्वतः पाहिला किंवा ऐकला का.

मी डबी बंद करू शकत होतो. मॅडमना फोन करून सांगू शकत होतो की असं असं आहे, या नोंदी धरू नका. त्या समजूतदार बाई होत्या. पण फोन केला की त्या डबी काढायला येणार, दारात बोलणार, खिडकी उघडी. मनात आलं, एका झाडाने काय होतं, शहरात इतके ठिपके आहेत. 'नाही' दाबलं तरी चाललं असतं. मी 'होय' दाबलं. त्यानंतर रोज दाबत गेलो.

काही आठवड्यांनी मॅडम आल्या. बायकोसाठी मोसंबी आणली होती. कॉटजवळ बसून त्या हसत म्हणाल्या, "काकू, तुमच्या पिंगळ्याने माझी पंचाईत केली. मला वाटलं होतं दिव्यामुळे जाईल, तो तर वेळेवर हजर."

"आमचा इमानदार हाय," बायको म्हणाली. "मधी तीन दिवस रुसला हुता. आता रोज बोलतो."

"जोडी दिसते का?"

हिने खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "न्हाई वो बाई. एकटाच बोलतो. तिचा आवाजच येत न्हाई. तिचं काही तरी झालं असंल. हा आपला बोलतो, थांबतो, वाट बघतो. लई वाईट वाटतं मला त्याचं."

मला हे ठाऊकच नव्हतं. मला वाटत होतं ती सुखात आहे. माझ्या ध्वनिमुद्रणात एकच पक्षी होता, आणि तिने मनातल्या मनात दुसरीला मारून टाकलं होतं. मी रोज तिला एका विधुराचं बोलणं ऐकवत होतो.

मॅडम निघाल्या तसा मी फाटकापर्यंत गेलो. सांगून टाकावं असं अगदी ओठापर्यंत आलं. त्या हेल्मेटचा पट्टा लावत होत्या.

"काका, काही म्हणत होता?"

"काही नाही. पत्रकार चौकात गाडी सावकाश न्या, खोदलंय तिथं."

त्यानंतर महिनाभरात ती सभा झाली. ओढ्याकाठी जुन्या चिंचांची रांग आहे. त्यांच्या ढोल्यांतून पिंगळ्याच्या कितीतरी जोड्या होत्या, संध्याकाळी तिकडून नुसता गोंगाट यायचा. तिथल्या पायवाटेला दिवे लावायचे होते. मागणी योग्य होती. बायाबापड्या, क्लासच्या मुली तिथून जात. दिवे नकोत असं मॅडमही म्हणत नव्हत्या. त्यांचं म्हणणं इतकंच की खांब पायवाटेच्या दुसऱ्या कडेला घ्या आणि दिव्यांना वरून झाकण द्या, म्हणजे उजेड वाटेवर पडेल, ढोल्यांत शिरणार नाही. त्याला थोडं जास्तीचं काम लागणार होतं.

कॉलनीतल्या सगळ्या कामांत पुढे असणारे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. वाईट माणूस नव्हे. त्यांनी स्वतःचा मोबाईल वर धरला. "मॅडम, हा तुमचाच नकाशा. काकांच्या दारात खांब कुठं आहे? ढोलीसमोर. झाकण आहे का? नाही. आणि पिंगळा?" त्यांनी वाचून दाखवलं, "नियमित आढळ."

लोक हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "उलट लाईट बिल वाचतंय त्याचं."

मॅडम म्हणाल्या, "एका झाडावरून ठरवता येत नाही. ती जोडी नाही, एकच पक्षी आहे. अजून थोडे महिने..."

"काकांनाच विचारू की," भाऊ म्हणाले. "काय काका, बोलतो ना रोज?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मॅडमनीही. त्यांच्या नजरेत संशय नव्हता. मी सांगेन ते खरं, असं धरून त्या बघत होत्या. हॉलमध्ये आमच्या गल्लीतल्या बायका बसल्या होत्या. त्या रोज पाळीपाळीने हिच्यापाशी येऊन बसायच्या. मी खरं बोललो असतो तर ते संध्याकाळच्या आत कॉटपर्यंत पोचलं असतं, कुणाच्याही मनात वाईट नसताना.

"बोलतो," मी म्हणालो.

मॅडमनी मान खाली घातली आणि पिशवीतले कागद आवरायला घेतले. खांब ठरल्या जागीच उभे राहिले.

ओढ्याकडचा गोंगाट कधी थांबला हे मला नेमकं सांगता येणार नाही. माझं लक्ष घरात होतं. बायकोनेच एकदा विचारलं, "वढ्याकडनं आता काहीच ऐकू येत न्हाई का हो?" मी म्हणालो, "थंडी पडली ना." शेवटच्या दिवसांत ती पिंगळा ऐकून दिवा लावा म्हणायची, पण 'ऐकलं' म्हणायची नाही. एके दिवशी मला म्हणाली, "माझ्यामागं तुमी त्याच्यावानी बसू नका. पोराकडं जावा." मी हो म्हणालो. तेही मी पाळलं नाही.

ती गेली त्या संध्याकाळी मी स्पीकर लावला नाही. मोबाईलवर प्रश्नही आला नाही. नकाशावरचा ठिपका काही काळाने आपोआप फिका झाला. पक्षी गेला असेल, म्हातारा झाला असेल, असं बघणाऱ्यांना वाटलं असणार. मी गप्प राहिलो. ज्या कारणासाठी गप्प होतो ते कारण आता नव्हतं, तरी राहिलो. तिच्या वर्षश्राद्धापर्यंत मी स्वतःला हीच समजूत घालत होतो की आता सांगून उपयोग काय.

श्राद्ध झालं, मुलगा परत गेला, आणि मी कॉलेजात गेलो. मॅडमच्या खोलीत कपाटावर काढून आणलेल्या डब्या रांगेने ठेवल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी माझं बोलणं मध्ये एकदाही तोडलं नाही.

"सभेच्या वेळी काकू हयात होत्या," त्या शेवटी म्हणाल्या.

"होत्या."

"मला एकटीला सांगता आलं असतं."

"आलं असतं."

"मी कुणाला बोलले नसते, काका. नुसतं म्हणाले असते की ती नोंद धरू नका."

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि कॉम्प्युटर लावला. म्हणाल्या, "दिवे लागले त्या सुमाराच्या नोंदी सगळ्या एकत्र आहेत. खऱ्या कुठपर्यंत आणि तुमच्या कुठून, हे तुम्हालाच ओळखावं लागेल. ऐकून वेगळ्या करा." त्यांनी हेडफोन माझ्या हातात दिला आणि तासाला निघून गेल्या.

ओळखणं सोपं होतं. माझ्या प्रत्येक नोंदीच्या आधी ते टिंग होतं.

पण डबी फक्त पिंगळा ऐकत नव्हती. आधीच्या नोंदींत दोघांचा कलकलाट, आणि त्याच्या शेवटी ओट्यावरून तिचा आवाज, "ऐकलं रे बाबा," त्यानंतर भाजीचं ताट उचलल्याचा. पुढच्या नोंदींत टिंग, एकटा पिंगळा, आणि खिडकीतून तोच आवाज, बारीक झालेला. मग "ऐकलं" नाही. एका नोंदीत ती शेजारणीला सांगत होती, "यांना सांगू नका, पण मला त्या पाखराची काळजी लागती." मी आत स्वयंपाकघरात मोबाईल धरून उभा असणार तेव्हा.

मॅडम परत आल्या तेव्हा मी शेवटाला आलो होतो. त्यांनी हेडफोनचा एक भाग कानाला लावून थोडं ऐकलं आणि परत ठेवला.

"माणसाचा आवाज असलेले तुकडे आम्ही ठेवत नाही," त्या म्हणाल्या. "पक्ष्याची नोंद राहते, आवाज पुसतो. यांतलेही आवाज लवकरच पुसले जातील." मग हेडफोनची वायर गुंडाळत, "तुमच्यासाठी काढून देऊ का?"

मी जोडीच्या वेळच्या नोंदी मागितल्या. टिंग वाजणाऱ्या मागितल्या नाहीत. त्यांतही ती आहे, माझ्याशी जास्त बोलते ती त्यांतच. पण त्या मागायला तोंड नव्हतं.

नोंद रद्द करताना ॲप कारण विचारतं. यादीत 'चुकीची ओळख' होतं, 'चुकीची जागा' होतं. माझ्या कामाला लागू पडेल असं काही नव्हतं. मॅडमनी 'इतर' वर बोट ठेवलं आणि कीबोर्ड माझ्याकडे वळवला. मी लिहिलं, 'पक्षी नव्हता. मी आवाज लावत होतो.' ठिपका नकाशावरून गेला नाही, करडा झाला. त्यावर बोट ठेवलं तर माझं वाक्य दिसतं. तसंच असू द्या, असं मी सांगितलं.

त्यांनी दुरुस्त अहवाल महापालिकेला पाठवला. झाकणं बसतील की नाही, माहीत नाही. बसली तरी ढोल्यांत पिंगळे परत येतीलच असं त्यांनी मला सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

मी आता रोज दिवेलागणीला ओढ्याकाठी जातो. चिंचांखाली पांढऱ्या उजेडात उभा राहतो. क्लासहून परतणाऱ्या मुली बोलत जातात, त्या गेल्या की ऐकतो. रातकिडे असतात, लांबून मनमाड रोडचे ट्रक असतात. पुरेसं ऐकून झालं की मोबाईल काढतो आणि 'नाही' दाबतो. मग घरी येतो. पिंगळा बोललेला नसतो, तरी दिवा लावावाच लागतो.